वाढत्या अंगाची सायकल

"सायकल आहे का शिडी, काय कळत नाही बाई," देवयानी उशीत तोंड खुपसून पुटपुटली. "हँडलला हात लावायचा म्हणजे पुढच्या गल्लीत जाऊन यायचं."

यशोदा तिच्यावर ओणवी होऊन मानेला बाम चोळत होती, म्हणून ते तिला ऐकू आलं. एरवी ही पोर कुरकुर करणाऱ्यांतली नव्हे.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. जरा खाली चोळ. हां, तिथंच."

गॅलरीतून खसखस आवाज येत होता. मुकुंद दातांच्या जुन्या ब्रशनं सायकलची साखळी घासत बसला होता. शनिवारची दुपार होती, कॉलेजच्या ऑफिसला सुट्टी, आणि हेडक्लार्कसाहेब फरशीवर मांडी घालून, चष्मा कपाळावर चढवून, सायकलशी बोलत होते. खरंच बोलत होते. "झालं, झालं, एवढं पुसलं की झालं," असं काहीतरी. यशोदाशी इतक्या मऊ आवाजात तो शेवटचा कधी बोलला होता ते तिला आठवेना, पण त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. सायकलला उलट उत्तर देता येत नाही, तेव्हा तिचा तेवढा हक्क आहेच.

उद्या सकाळी जिल्ह्याची निवड चाचणी होती, अक्कलकोट रस्त्यावर. मुली एकेक करून सुटणार, वळसंगच्या अलीकडे रस्त्यात ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परत येणार. पहिल्या तिघी राज्य स्पर्धेला जाणार. देवयानी त्या तिघींत बसेल असं सगळे म्हणत. पाय तिचे होतेच तसे. प्रश्न पायांचा नव्हता.

ही सायकल गेल्या पावसाळ्यानंतर घरात आली. पुण्याचा कुणी इंजिनिअर परदेशी निघाला होता, त्याच्याकडून मुकुंदनं ती घेतली आणि एसटीनं नव्हे, मित्राची गाडी करून, मांडीवर चाक धरून आणली. त्या रात्री त्यानं सगळ्या बिल्डिंगला जिना चढायला लावला. प्रत्येकाला सायकल एका बोटावर उचलायला लावली. "कार्बनची फ्रेम आहे," तो सांगायचा. "गिअर ऐका, शर्टाचं टिच बटण लावल्यासारखा टक्. आणि चाक मोकळं सोडलं की बघा, भुंगा फिरल्यासारखं. पण हे सगळं बाजूला ठेवा. उत्तम सायकल कुठली? जिच्यावर बसलं की ती आहे हेच माणूस विसरतो. नुसता रस्ता आणि आपण." तळमजल्यावरच्या महादेवप्पांनी विचारलं होतं, "मग स्टँड का नाही हो हिला?" मुकुंद त्यांच्याशी दोन दिवस बोलला नाही.

त्या रात्री देवयानी सायकलशेजारी उभी राहिली, तेव्हा मधली नळी तिच्या कमरेला लागली. यशोदा म्हणाली, "मोठी नाही का हो होत?"

"वाढत्या अंगाची आहे ती," मुकुंद म्हणाला. "वर्षभरात बसेल."

आणि यशोदानं मान हलवली. न हलवून करते काय? ते वाक्यच तिचं होतं. या घरात पोरीच्या मापाची वस्तू कधी आलीच नव्हती. युनिफॉर्मला चार बोटं दुमड, चपलेच्या पुढं कापूस, बाह्या दोनदा वळवलेला स्वेटर. पहिलीतला स्वेटर चौथीत कुठं अंगावर नीट बसला, तोवर त्याचा रंग गेला होता. पोर वाढते, वस्तू वाढत नाही, तेव्हा शहाण्यानं मोठीच घ्यावी. यशोदाच्या आईनं तेच केलं, सासूनं तेच केलं. सायकलच तेवढी वेगळी का धरायची?

फक्त एवढंच, की देवयानी वाढायची थांबली होती. स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्यातल्या शेवटच्या दोन एकावर एक पडल्या होत्या. पोरगी यशोदावर गेली होती. मुकुंदसारखी ताडमाड व्हायची नव्हती.

मग मुकुंदनं सायकल आवळायला घेतली. सीट नेली ती पार खाली, आणि जाईल तेवढी पुढं. हँडलचा दांडा काढून आखूड बसवला. ब्रेकचे खटके स्क्रूनं आत ओढले. शेवटी सायकलीत आवळायला काही उरलं नाही, तेव्हा उरलेलं अंतर पोरीनंच अंग ताणून भरून काढायचं ठरलं. मान आखडू लागली, मनगटं दुखू लागली. मुकुंद म्हणायचा, सवय होईल.

संध्याकाळी चन्नवीर सर छातीवर लावायचे नंबर घेऊन आले. एका शाळेत खेळाचे शिक्षक होते, सात-आठ मुलींना पहाटे रस्त्यावर नेऊन शिकवायचे. बरोबर प्रियंका होती, मैंदर्गीची, सरावासाठी सोलापुरात मावशीकडे राहणारी. यशोदानं चहा टाकला, चिवडा आणि बिस्किटं काढली.

"काकू, हिची सायकल लई भारी हाय की," प्रियंका चिवड्यातले शेंगदाणे वेचत म्हणाली. "पण ही तिच्यावर बसती कुटं? दोरीवर वाळत घातल्यावानी दिसती."

मुकुंद हसला. "अगं, तुझ्या सायकलच्या निम्म्या वजनाची आहे ती."

"व्हय की काका. म्हणून तर गुरुवारी उडून ट्रकपुढं गेली."

टीपॉयखाली देवयानीचा पाय हलला. प्रियंकाच्या हातातला चिवडा बशीत पडला.

"कुठला ट्रक?" यशोदानं विचारलं.

"काही नाही गं आई. वळताना जरा बाहेर गेले."

"जरा?" प्रियंकाला आता लाथही थांबवू शकली नाही. "पिंपाला वळायचं हुतं काकू, आन् हिचा ब्रेकच लागंना. बोटं झोपल्याली म्हनं. मी मागनं वरडतेय, ही आपली सरळ. त्या ट्रकवाल्यानं कचकन दाबला म्हणून, न्हायतर..."

"प्रियंका, चहा घे," सर म्हणाले.

यशोदाचं लक्ष देवयानीच्या कपाकडे गेलं. पोर कप दोन्ही तळव्यांत धरून पीत होती, लहान मुलासारखी. आठवडाभर ती असाच कप धरत होती. यशोदाला वाटलं होतं, थंडीमुळे.

मुकुंदचा चेहरा उतरला. तो उठून पोरीजवळ बसला, तिची बोटं हातात घेऊन चोळू लागला. "मला का नाही सांगितलंस?"

"आता ठीक आहेत, बाबा."

"खटके अजून एक फेरा आत घेतो. आणि हँडलला जाड टेप लावतो, जेलचा. धक्का बसणार नाही." तो घाबरला होता, खरोखर घाबरला होता. पण त्याची भीती कायम पान्याकडे जायची. तो उठून गॅलरीत गेलासुद्धा.

"सर, खरं सांगा," यशोदा हळूच म्हणाली. "सायकल तिला होते का?"

चन्नवीर सरांनी बिस्कीट चहात बुडवलं. "सायकल म्हणाल तर वहिनी, जिल्ह्यात दुसरी अशी नाही."

"मी जिल्ह्याचं नाही विचारलं."

"देवयानी, वळणावर लांबूनच ब्रेक लाव बरं का," सर पोरीकडे वळून म्हणाले. बिस्कीट चहात पडलं. सरांनी कपात पाहिलं आणि ते तसंच राहू दिलं.

त्यांना पोचवायला यशोदा जिन्यापर्यंत गेली. प्रियंका पुढं उड्या मारत उतरली. सर पहिल्या पायरीवर थांबले.

"वहिनी, लहान मापाची एक सायकल आहे माझ्याकडे. जुनी आहे, जड आहे, पण देवयानीच्या बरोबर मापाची. तिच्या बुटांना चालतील अशी पेडलंही आहेत तिला. उद्या जीपमध्ये टाकून आणतो. काय?"

"मग मगाशी आत का नाही बोललात?"

"काय बोलू? मोठी आहे हे तर ते स्वतःच सांगतात. पण मोठी आहे म्हटलं की पुढची गोष्ट निघते, वहिनी. मग ती कुणाच्या मापाची आहे?" सरांनी चप्पल सारखी केली. "रोज पहाटे पोरीबरोबर स्कूटरवर येतो तो माणूस. पोरींना केळी आणतो, पंक्चर काढतो. त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"तुम्ही सर आहात तिचे."

"तुम्ही बायको आहात त्यांची."

दोघंही हसले. हसले आणि दोघांनाही हसल्याची लाज वाटली. जेवताना यशोदानं दोनदा तोंड उघडलं. एकदा आमटी वाढली आणि एकदा विचारलं, उद्या किती वाजता निघायचं.

पहाटे तिला जाग आली ती भुंग्याच्या आवाजानं. अंथरुणात शेजारी कुणी नव्हतं. गॅलरीच्या दाराशी सायकल नव्हती.

तिनं खाली वाकून पाहिलं. पार्किंगच्या दिव्यापासून फाटकापर्यंतच्या मोकळ्या जागेत मुकुंद सायकल चालवत होता. आधी तिला वाटलं, गिअर तपासत असेल. मग तिला दिसलं की सीट वर घेतली आहे, चांगली वर. त्याचे पाय पुरते ताणून खाली जात होते आणि सहज वर येत होते. पाठ कमानीसारखी, कोपरं सैल, हात हँडलवर असे, जसे झोपाळ्यावर बसणाऱ्याचे कडीवर असतात. पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला, वैरागहून शिकायला आलेला तिचा नवरा. त्याच्या हातून स्टीलचा डबा कधी सांडल्यावाचून उघडला नाही. तो वळणावर नुसता एका बाजूला कलायचा आणि सायकल त्याच्याबरोबर कलायची. तो आणि ती असं काही वेगळं दिसतच नव्हतं.

इतका देखणा तो तिला लग्नातही दिसला नव्हता. आणि त्याच क्षणी तिला देवयानी आठवली, या सायकलवर दिसते तशी. वाळत घातलेली.

त्यानं दिव्याखाली सायकल थांबवली, एक पाय टेकला. सीटच्या खाली, नळीवर एक चिकटपट्टीची खूण होती, पोरीच्या उंचीची. तो खिशात पाना चाचपू लागला. म्हणजे हे नवं नव्हतं. पट्टी होती म्हणजे हे बरेचदा व्हायचं. यशोदा चटकन मागं सरकली. आपण पाहिलं हे त्याला कळू नये, एवढंच तिला त्या वेळी सुचलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि खिडकीतून, जशी काही आत्ताच उठली आहे, अशी मोठ्यानं ओरडली, "अहो, कुठं आहात? चहा टाकू का?"

खाली काहीतरी खणखणलं. "आलो आलो!" आणि तेवढ्यात फाटकाशी सरांच्या जीपचा हॉर्न वाजला. मग धावपळ झाली. पाण्याच्या बाटल्या, बूट, हेल्मेट, शेंगदाण्याचे लाडू. मुकुंदनं सायकलची चाकं काढली, फ्रेम आडवी करून जीपच्या मागं सरकवली, तिच्यावर प्रियंकाची सायकल आली. कडेला एक तिसरी सायकल होती, निळी, ठिकठिकाणी रंग उडालेली. मुकुंदनं ती पाहिली. कुणाची, असं त्यानं विचारलं नाही.

रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या लागल्या, एकामागून एक. जीप त्यांच्या मागं मुंगीच्या पावलानं चालली. सर घड्याळ पाहत होते. देवयानी खिडकीशी बसून डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं दाबत होती, एकेक. यशोदा ते पाहत होती आणि मनात वाक्य जुळवत होती. अहो, मी काय म्हणते. अहो, एक विचारू का. प्रत्येक वाक्य अहोपर्यंत नीट यायचं आणि पुढं ट्रॉली आडवी यावी तसं अडायचं.

पोचले तेव्हा मुली रांगेला लागल्या होत्या. रस्त्याच्या कडेला चुन्याची रेघ, एक टेबल, भोंगा हातात धरलेला एक माणूस. एकेक मुलगी सुटत होती. देवयानीचा नंबर प्रियंकाच्या मागोमाग होता.

"चाकं लावा, चाकं लावा," सर म्हणाले. मुकुंदनं भराभर चाकं बसवली. फिरवून पाहिली, ब्रेक दाबून पाहिले. ट्रॉल्यांच्या धुळीतही सायकल लखलखत होती. दोन-तीन पालक वळून बघायला लागले. एकजण म्हणाला, "काय मशीन आहे राव!" मुकुंदनं मान खाली घालून हसू लपवलं आणि सायकल पोरीपुढं धरली.

देवयानीनं पाय टाकला. पाय पलीकडे गेलाच नाही. सीट तिच्या छातीशी होती.

सगळ्यांनी पाहिलं. प्रियंकानं रांगेतून मागं वळून पाहिलं. सरांनी पाहिलं. मुकुंदनं पाहिलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"जीपमध्ये सरकली असेल हो," सर लगेच म्हणाले. "रस्ता असला."

"व्हय व्हय," प्रियंका म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती कुणाला सांभाळून घेत असावी. "माजी सायकल वर हुती की, तिनंच ढकलली असंल."

धक्क्यानं सीट खाली येते, वर जात नाही, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मुकुंदलाही होतं. तो खिसे चाचपत होता. पाना सापडला, तसा तो खाली बसला. घाईत पाना स्क्रूच्या खाचेत बसेना. "एक मिनिट. एकच मिनिट. खूण आहे इथं, खुणेवर आणतो." भोंग्यातून प्रियंकाचं नाव आलं. ती रेघेकडे गेली, कुणीतरी तिची सायकल मागून धरली.

यशोदानं सरांकडे पाहिलं. सर जीपच्या मागच्या दाराशी गेले होते. दार त्यांनी उघडलं होतं, निळ्या सायकलवर हात ठेवला होता, आणि तिथंच उभे होते. काढतही नव्हते, ठेवतही नव्हते. ते यशोदाकडे बघत होते.

"बाबा, माझंच चुकलं," देवयानी म्हणाली. ती बापाशेजारी वाकली होती. "मी काल रात्री बघायला पाहिजे होती. तुम्ही नका घाई करू." आणि स्क्रू धरायला तिनं हात पुढं केला. बोटं स्क्रूवर टेकली आणि घसरली. पुन्हा टेकली, पुन्हा घसरली. तिनं हात पटकन मागं घेऊन जर्सीला पुसला, जणू तेलच लागलं होतं.

स्क्रूला तेल नव्हतं. मुकुंदनं काल सगळं पुसून काढलं होतं.

यशोदाला गुरुवारचा तो ट्रक तिनं न पाहताही दिसला. पुढं पिंप, पलीकडून येणारी उसाची ट्रॉली, आणि ब्रेकवर ठेवलेली ही बोटं. पोर बापासाठी खोटं बोलत होती, ट्रकबद्दल बोलली होती, मानेबद्दल बोलली होती, आणि आता वळणापर्यंत असंच खोटं बोलत जाणार होती. हे कुणी शिकवलं तिला? चार बोटं दुमडलेला फ्रॉक घालून, छान बसतो गं आई, असं कुणी म्हणायला लावलं होतं?

पाना खाचेत बसला. सीट खाली सरकू लागली. यशोदानं पुढं होऊन सीटवर हात ठेवला.

"सर," ती म्हणाली, "ती निळी काढा खाली."

"अगं, झालंच," मुकुंद वर न बघता म्हणाला. "खुणेवर आली की बसते ती. हात काढ."

"नाही बसत."

"रोज बसते की! तू कधी येतेस पहाटे बघायला?"

"आज पाहिलं मी," यशोदा म्हणाली. "गॅलरीतून."

मुकुंदचा हात थांबला. त्यानं मान वर केली. चष्म्यावर धूळ होती, तिच्या मागं डोळे एखाद्या मुलाचे असावेत तसे होते. देवयानी दोघांच्या मध्ये उकिडवी बसली होती, एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत. पलीकडे प्रियंका सुटली, टाळ्या वाजल्या. भोंगेवाल्यानं पुढचा नंबर पुकारला आणि तो नंबर देवयानीच्या छातीवर होता.

"यशोदा, इथं नको," तो अगदी हळू म्हणाला. "घरी बोलू."

घरी बोललो असतो तर इथं ही वेळच आली नसती, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. सीटवरचा हात मात्र काढला नाही. तिनं दुसऱ्या हातानं त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली, जशी ऑफिसला निघताना रोज झटकायची, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अहो, सीट खाली करू नका. ही सायकल तुमच्या मापाची आहे. तुम्ही ती तुमच्यासाठी आणलीत. पोरीचं नुसतं नाव लावलंत, आणि वाढेल की, वाढेल की म्हणत मी ते लावू दिलं."